सनस्क्रीन : पुढील आकडा आणि मागील घटकसूची

उन्हाळा सुरू होताच औषधांच्या दुकानांत सनस्क्रीनच्या नळ्या दर्शनी भागात मांडल्या जातात. त्यांवर ३०, ५० असे आकडे ठळक अक्षरांत छापलेले असतात आणि बहुतांश ग्राहक त्या आकड्यावरूनच निवड करतात. हा आकडा मात्र सूर्यकिरणांच्या एका भागापुरतीच माहिती देतो. उरलेली माहिती नळीच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत छापलेल्या घटकसूचीत असते. ही सूची कशी वाचावी आणि तिच्या आधारे दोन उत्पादनांची तुलना कशी करावी, याविषयीची माहिती येथे देण्यात येत आहे.

किरण आणि त्यांचे परिणाम

सूर्यापासून येणाऱ्या अतिनील किरणांचे तरंगलांबीनुसार तीन प्रकार मानले जातात. २८० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे यूव्हीसी किरण वातावरणातच शोषले जातात. २८० ते ३१५ नॅनोमीटर दरम्यानचे यूव्हीबी किरण मुख्यतः त्वचेच्या वरच्या थरावर परिणाम करतात. त्वचा लाल होणे आणि पोळणे हे प्रामुख्याने त्यांचे काम. ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे यूव्हीए किरण अधिक खोलवर जातात. त्वचा काळवंडणे, डाग गडद होणे आणि अकाली सुरकुत्या पडणे यांत त्यांचा मोठा वाटा असतो. जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे ९५ टक्के यूव्हीए असतात. ते साध्या काचेतूनही आरपार जातात. मोटारीची समोरची काच दुहेरी थरांची असल्याने ती यूव्हीए बऱ्याच अंशी अडवते, बाजूच्या काचा मात्र सहसा तितक्या अडवत नाहीत. त्यामुळे खिडकीजवळ बसून रोज प्रवास करणाऱ्याला ऊन लागत नाही, हा समज बरोबर नाही.

आकड्याचा अर्थ

एसपीएफ हे मापन यूव्हीबीशी निगडित आहे. ऑस्ट्रियाचे रसायनतज्ज्ञ फ्रान्झ ग्रायटर यांनी १९७४ मध्ये ही संज्ञा रूढ केली. चाचणीच्या वेळी स्वयंसेवकांच्या पाठीवर प्रत्येक चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम या प्रमाणात सनस्क्रीन लावले जाते. त्यानंतर कृत्रिम अतिनील प्रकाश सोडून, त्वचेवर लाली उमटण्यास किती मात्रा लागते हे पाहिले जाते. सनस्क्रीन न लावलेल्या त्वचेपेक्षा तीसपट मात्रा लागली, तर एसपीएफ ३० ठरतो.

एसपीएफ १५ लाली आणणारे सुमारे ९३ टक्के किरण अडवतो, ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के. यावरून ३० आणि ५० यांत केवळ एका टक्क्याचा फरक आहे, असे वारंवार सांगितले जाते. त्वचेपर्यंत पोहोचणाऱ्या किरणांचा हिशेब केला, तर चित्र थोडे बदलते. ३० मधून सुमारे ३.३ टक्के किरण आत येतात आणि ५० मधून २ टक्के. म्हणजे ३०च्या तुलनेत ५० मधून येणारे किरण दोन पंचमांशाने कमी असतात. हा फरक अगदीच नगण्य म्हणता येणार नाही. तरीही या साऱ्या गणितात यूव्हीएचा हिशेब जवळजवळ नसतोच.

भारतीयांच्या दृष्टीने ही उणीव महत्त्वाची आहे. सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य पोळण्यापासून बऱ्यापैकी संरक्षण देते आणि देशात त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण गौरवर्णीय लोकसंख्येच्या देशांपेक्षा बरेच कमी आहे. येथील त्वचारोगतज्ज्ञांकडे येणारी नेहमीची तक्रार असते ती वांग, मुरुमांचे मागे राहिलेले डाग आणि काळवंडलेला चेहरा यांची. या तक्रारींत यूव्हीएचा, आणि पुढे दिल्याप्रमाणे दृश्य प्रकाशाचाही, वाटा मोठा असतो. केवळ मोठा आकडा पाहून घेतलेली नळी वांग असलेल्या महिलेला महिनोन्महिने वापरूनही गुण देत नाही, त्याचे एक कारण येथे आहे.

यूव्हीएसाठीच्या खुणा

यूव्हीए संरक्षणाची कल्पना देणाऱ्या खुणा वेगळ्या असतात. जपानमध्ये १९९६ पासून 'पीए' ही पद्धत वापरली जाते आणि भारतातील अनेक नळ्यांवरही ती दिसते. तीत यूव्हीएमुळे त्वचेवर टिकून राहणारा काळपटपणा मोजला जातो. पीएपुढील अधिकचिन्हे जितकी जास्त, तितके संरक्षण अधिक. चौथे चिन्ह २०१३ मध्ये जोडण्यात आले. युरोपात यूव्हीए संरक्षण एसपीएफच्या किमान एक तृतीयांश असावे, अशी शिफारस २००६ मध्ये करण्यात आली. ती पाळणाऱ्या उत्पादनावर वर्तुळात 'यूव्हीए' ही अक्षरे छापलेली असतात. 'ब्रॉड स्पेक्ट्रम' या शब्दांचा अर्थ दोन्ही प्रकारच्या किरणांपासून संरक्षण असा होतो. मात्र अमेरिकेची या शब्दांसाठीची कसोटी युरोपच्या एक तृतीयांश नियमाच्या मानाने सैल आहे. वर्तुळातील अक्षरे किंवा पीएची तीन-चार चिन्हे यांना त्यामुळे अधिक वजन द्यावे.

खनिज घटक

किरण रोखणाऱ्या घटकांना फिल्टर म्हणतात. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड हे दोन खनिज फिल्टर आहेत; बाकीचे कार्बनी संयुगांचे. जाहिरातींत पहिल्या गटाला 'फिजिकल' आणि दुसऱ्याला 'केमिकल' म्हटले जाते. ही विभागणी दिशाभूल करणारी आहे, कारण झिंक ऑक्साइड हेही रसायनच आहे. खनिज फिल्टर आरशाप्रमाणे किरण परतवून लावतात, हे विधानही तितकेसे खरे नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे दोन्ही घटक अतिनील किरणांपैकी सरासरी केवळ ४ ते ५ टक्के परावर्तित करतात, बाकीचे काम शोषणाने होते, असे आढळून आले.

झिंक ऑक्साइडचे संरक्षण यूव्हीबीपासून लांब तरंगलांबीच्या यूव्हीएपर्यंत पसरलेले असते. एकट्या घटकाने इतका मोठा पट्टा सांभाळणे हे त्याचे वैशिष्ट्य होय. टायटॅनियम डायऑक्साइड यूव्हीबी आणि आखूड यूव्हीएमध्ये प्रभावी आहे, पुढे त्याचा जोर ओसरतो. त्याचा अपवर्तनांक झिंक ऑक्साइडपेक्षा अधिक असल्याने सावळ्या चेहऱ्यावर पांढरट थरही तोच अधिक आणतो. हा थर टाळण्यासाठी कण अतिसूक्ष्म केले जातात. युरोपात २०१३ पासून अशा घटकापुढे 'नॅनो' असे लिहिणे बंधनकारक आहे. अखंड त्वचेतून हे कण शरीरात शिरत असल्याचे ठोस पुरावे नाहीत. फवाऱ्यातून ते श्वासावाटे फुप्फुसांत जाणे मात्र टाळावयास हवे.

कार्बनी घटक आणि त्यांची दुहेरी नावे

सूची वाचताना खरी अडचण नावांची होते, कारण एकच घटक दोन नावांनी ओळखला जातो. ॲव्होबेन्झोन हा यूव्हीएचा सर्वाधिक वापरला जाणारा फिल्टर सूचीत सहसा ब्युटिल मेथॉक्सिडायबेन्झॉयलमिथेन या नावाने येतो. ऑक्टिनॉक्सेटचे दुसरे नाव इथाइलहेक्सिल मेथॉक्सिसिनॅमेट, ऑक्टिसलेटचे इथाइलहेक्सिल सॅलिसिलेट आणि ऑक्सिबेन्झोनचे बेन्झोफेनोन-३. 'ऑक्सिबेन्झोन नको' असे ठरवून आलेल्या ग्राहकाच्या हाती बेन्झोफेनोन-३ असलेली नळी पडू शकते, ती यामुळेच.

ऑक्टिनॉक्सेट, ऑक्टिसलेट आणि होमोसलेट हे यूव्हीबी फिल्टर आहेत. सूचीत केवळ हेच असतील, तर एसपीएफचा आकडा चांगला दिसूनही यूव्हीएच्या बाजूने दार जवळजवळ उघडेच राहते. ॲव्होबेन्झोन ते दार बंद करतो, पण उन्हात तो स्वतःच विघटित होऊ लागतो. त्याच्या जोडीला कोणता घटक आहे, हे पाहणे म्हणून आवश्यक ठरते. ऑक्टोक्रायलीन किंवा बेमोट्रिझिनॉल सोबत असल्यास तो स्थिर राहतो. ऑक्टिनॉक्सेटसोबत मात्र उन्हात त्याची रासायनिक प्रक्रिया होऊन दोन्ही निकामी होऊ लागतात. ॲव्होबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट एकत्र असून स्थैर्य देणारा घटक नसलेल्या नळ्या आजही बाजारात मिळतात.

बेमोट्रिझिनॉल हे सूचीतील लांबलचक नाव असे : बिस-इथाइलहेक्सिलऑक्सिफिनॉल मेथॉक्सिफिनिल ट्रायझिन. हा घटक यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्ही शोषतो आणि उन्हात टिकून राहतो. युरोपात तो २००० सालापासून वापरात आहे. अमेरिकेत सनस्क्रीनला औषधाचे नियम लागू असल्याने नवे फिल्टर सहजी दाखल होत नाहीत. तेथे त्याला मान्यता देण्याचा प्रस्ताव डिसेंबर २०२५ मध्ये मांडण्यात आला. डायइथाइलअमिनो हायड्रॉक्सिबेन्झॉयल हेक्सिल बेन्झोएट हा असाच उन्हात टिकणारा यूव्हीए फिल्टर आहे. ही दोन नावे उच्चारण्यास कठीण असली, तरी सूचीत दिसणे हे चांगले लक्षण मानावे.

रंगछटेचा उपयोग

अतिनील किरणांपलीकडील दृश्य प्रकाशही, विशेषतः त्यातील निळा-जांभळा भाग, गडद वर्णाच्या त्वचेत काळपटपणा आणतो, असे गेल्या दीड दशकातील संशोधनातून स्पष्ट झाले आहे. नेहमीचे फिल्टर हा प्रकाश फारसा अडवत नाहीत. तो अडवतात ते आयर्न ऑक्साइड, म्हणजे लोहाची रंगद्रव्ये. घराघरांत असलेल्या कॅलामाइन लोशनला गुलाबी रंग येतो तो याच द्रव्यामुळे. सनस्क्रीनच्या सूचीत ती सीआय ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९ या क्रमांकांनी येतात. वांग असलेल्यांना रंगछटा असलेले सनस्क्रीन सुचविले जाते, त्यामागे सौंदर्यप्रसाधनाचा विचार नसून हे कारण आहे. सीआय ७७८९१ हा क्रमांक टायटॅनियम डायऑक्साइडचा आहे, पण तो रंगद्रव्य म्हणून घातलेला असू शकतो. त्या क्रमांकावरून फिल्टर असल्याचा निष्कर्ष काढू नये.

क्रमावरून काय कळते

भारतात सनस्क्रीन हे सौंदर्यप्रसाधन मानले जाते. त्याला १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू होतात. एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने आणि त्यानंतर एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक कोणत्याही क्रमाने लिहावेत, अशी सूचीची पद्धत आहे. अमेरिकेत प्रत्येक फिल्टरची टक्केवारी छापावी लागते. येथे ती काही कंपन्या स्वेच्छेने देतात.

टक्केवारी नसली तरी एक युक्ती उपयोगी पडते. फिनॉक्सिइथेनॉल हे परिरक्षक बहुतेक सूचींत असते आणि त्याची कमाल मर्यादा एक टक्का आहे. क्रम नियमानुसार असेल, तर त्याच्यानंतर आलेला प्रत्येक घटक एक टक्का किंवा त्याहून कमी असतो. नळीवर मोठ्या अक्षरांत 'झिंकयुक्त' असे लिहिलेले असून सूचीत झिंक ऑक्साइड फिनॉक्सिइथेनॉलच्या मागे असेल, तर ते नावापुरते आहे असे समजावे. कोरफड, केशर, चंदन, हळद यांची नावे तर बहुधा तेथेच आढळतात. काही कंपन्या फिल्टरची यादी स्वतंत्रपणे, वर देतात. तेथे ही युक्ती लागू होत नाही.

आणखी एक नाव ओळखून ठेवण्यासारखे आहे, ते म्हणजे ब्युटिलऑक्टिल सॅलिसिलेट. अधिकृत फिल्टरांत त्याची गणना होत नाही. तो इतर घटकांना विरघळवण्यासाठी घातला जातो, पण रचनेने ऑक्टिसलेटचा जवळचा नातलग असल्याने यूव्हीबी शोषून आकडा वाढवतो. 'शंभर टक्के खनिज' असा दावा करणाऱ्या काही उत्पादनांत तो असतो. हे बेकायदेशीर नाही; मात्र केवळ खनिज घटकांसाठी जास्त किंमत मोजणाऱ्याला ते ठाऊक असावे.

सुरक्षिततेविषयीचे प्रश्न

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये मांडलेल्या प्रस्तावात झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड यांना सुरक्षित व परिणामकारक मानले, पाबा आणि ट्रोलामाइन सॅलिसिलेट यांना वगळले आणि उर्वरित १२ घटकांविषयी अधिक माहिती मागविली. त्याच वर्षी, २४ जणांवर केलेल्या चाचणीत ॲव्होबेन्झोन, ऑक्सिबेन्झोन, ऑक्टोक्रायलीन आणि एकॅम्स्यूल हे चार घटक रक्तात उतरत असल्याचे आढळले. त्यांची पातळी प्रशासनाने पुढील तपासणीसाठी ठरविलेल्या मर्यादेहून अधिक होती. घटक रक्तात आढळणे आणि तो अपायकारक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सनस्क्रीनचा वापर थांबवू नये, असे प्रशासनाने त्याच वेळी स्पष्ट केले होते. वृत्तांच्या मथळ्यांत मात्र हा दुसरा भाग बहुधा गळून गेला.

युरोपीय संघाने बंदीऐवजी प्रमाण घटविण्याचा मार्ग अधिक वापरला आहे. २०२२ च्या नियमांनुसार ऑक्सिबेन्झोनची मर्यादा शरीरभर लावण्याच्या उत्पादनांत २.२ टक्क्यांवर आणण्यात आली, तर होमोसलेट चेहऱ्याच्या उत्पादनांपुरता आणि ७.३४ टक्क्यांपर्यंत मर्यादित करण्यात आला. ज्यांना निवड करण्याची मुभा आहे, त्यांनी ऑक्सिबेन्झोन टाळण्यास हरकत नाही. त्याला आता चांगले पर्याय आहेत आणि त्याच्यामुळे ॲलर्जीही होते. दुखऱ्या सांध्यांवर किटोप्रोफेनचे जेल लावून पुरळ उठलेल्यांनी ऑक्टोक्रायलीनपासून सावध राहावे, कारण अशांना त्याचीही ॲलर्जी होऊ शकते.

प्रवाळांच्या हानीमुळे हवाई राज्यात १ जानेवारी २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी आली. पलाऊ या द्वीपराष्ट्राने त्यापूर्वी एक वर्ष, तर थायलंडने २०२१ मध्ये सागरी राष्ट्रीय उद्यानांत असे निर्बंध घातले. प्रवाळांना सर्वांत मोठा धोका समुद्राच्या वाढत्या तापमानाचा आहे, याविषयी शास्त्रज्ञांत एकमत आहे. तरीही मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ किंवा अंदमानात प्रवाळ पाहण्यासाठी पाण्यात उतरताना लांब बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घालणे हा सोपा उपाय आहे. त्यामुळे सनस्क्रीन कमी लागते.

आकडा खरा असतो काय

घटकसूची चांगली असली, तरी मिश्रण नीट झाले नसल्यास आकडा खरा ठरत नाही. ऑस्ट्रेलियातील 'चॉइस' या ग्राहक संघटनेने जून २०२५ मध्ये २० सनस्क्रीनच्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी १६ उत्पादने छापील दाव्याइतकी उतरली नाहीत. ५० हून अधिक एसपीएफचा दावा करणाऱ्या एका खनिज सनस्क्रीनचा आकडा तर केवळ ४ निघाला. कंपनीने ते ऑगस्टमध्ये बाजारातून मागे घेतले. सनस्क्रीनविषयी जगातील कडक नियमांपैकी काही या देशात आहेत, हे लक्षात घेता हा निष्कर्ष गंभीर होता. भारतातही एप्रिल २०२५ मध्ये एसपीएफच्या जाहिरातींवरून दोन कंपन्यांमधील वाद दिल्ली आणि मुंबई उच्च न्यायालयांत पोहोचला. मानवी त्वचेवर चाचणी झाल्याचा उल्लेख वेष्टनावर किंवा कंपनीच्या माहितीत आहे काय, हे पाहणे यामुळे उपयुक्त ठरते.

प्रमाण आणि किंमत

चाचणीतील २ मिलिग्रॅमचे प्रमाण घरी सहसा कोणी पाळत नाही. प्रत्यक्षात लोक त्याच्या चौथ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंतच लावतात, असे अभ्यासांतून दिसते. त्यामुळे ५० चा आकडा पाहून घेतलेले संरक्षण चेहऱ्यावर बरेच कमी भरते. चेहरा आणि मान यांसाठी सुमारे सव्वा ग्रॅम सनस्क्रीन लागते. दिवसातून दोनदा लावल्यास ५० ग्रॅमची नळी जेमतेम तीन आठवडे पुरते. चार महिने पुरत असेल, तर काटकसर संरक्षणातच झाली असे म्हणावे लागेल.

किमतीची तुलनाही याच हिशेबाने करावी. नळीच्या किमतीऐवजी प्रतिग्रॅम किंमत पाहावी. महागडे सनस्क्रीन पुरवून पुरवून लावण्यापेक्षा चांगली सूची असलेले स्वस्त सनस्क्रीन पुरेसे लावणे अधिक लाभाचे ठरते. पुण्या-इंदुरात दुचाकीवरून जाणाऱ्या तरुणींचा चेहऱ्याभोवतीचा स्कार्फ हा थट्टेचा विषय होत असला, तरी घट्ट विणीचे सुती कापड, छत्री आणि रुंद काठाची टोपी यांना ना घटकसूची लागते ना दर दोन तासांनी नूतनीकरण.

कोणाला अधिक गरज

नियमित वापराच्या लाभाचा सर्वांत भक्कम पुरावा ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातील नंबोर येथून आला आहे. १९९२ मध्ये तेथील १६२१ प्रौढांना दोन गटांत विभागण्यात आले. रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात पुढील वर्षांत मेलॅनोमा या कर्करोगाचे ११ रुग्ण आढळले, तर इच्छेनुसार वापरणाऱ्या गटात २२. हा अभ्यास बहुतांशी गौरवर्णीयांचा होता. त्याचे आकडे भारतीयांना जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. वांग असलेले रुग्ण, कोडाचे चट्टे असलेले, वर्णहीनता किंवा ल्युपस असलेले, तसेच डॉक्सिसायक्लिनसारखी त्वचा उन्हाला हळवी करणारी औषधे घेणारे यांना मात्र त्याची येथेही निश्चित गरज असते. सहा महिन्यांखालील बाळांना सनस्क्रीन न लावता सावलीत ठेवण्याचा सल्ला दिला जातो.

बंद मोटारीत उन्हात राहिलेल्या नळीतील मिश्रण उष्णतेने फुटते. दाबल्यावर आधी पाणी आणि मग घट्ट गोळा बाहेर आल्यास, मुदत शिल्लक असली तरी ती नळी वापरू नये. वेष्टनावरील उघड्या डबीचे चित्र आणि त्यातील आकडा, उघडल्यानंतर किती महिने उत्पादन वापरता येते ते दर्शवितो.